जुन्या घडीच्या सायकलचा खटका दर आठवड्याला ढिला पडतोय. काय करू?

अर्धीघडी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथले सायकलींचे धागे बरेच दिवस गुपचूप वाचतेय, स्वतःचा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी एक वापरलेली घडीची सायकल घेतली. २० इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, मधल्या दांडीत बिजागरी आणि ती घट्ट बंद ठेवणारा दांड्याचा खटका. कंपनीचं नाव कुठेच नाही, कारण आधीच्या मालकाने अख्खी सायकल काळ्या रंगात रंगवून घेतलीय. घेताना मी चेन बघितली, ब्रेक बघितले, टायर दाबून बघितले. खटका एकदा उघडला, मिटला, छान ‘खट्’ असा आवाज आला आणि मी खूश झाले.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुढचा ब्रेक दाबला की पायांच्या मधून कुठून तरी ‘टक’ यायला लागलं. खटक्याच्या दांड्यातून एक बोल्ट जातो आणि त्याच्या टोकाचा नट समोरच्या अर्ध्या फ्रेमच्या खाचेत अडकतो. तो नट पाव फेरा आवळला की टकटक बंद. आठवडा गेला की परत सुरू, परत पाव फेरा. असं आतापर्यंत सहा-सात वेळा झालंय. आता दांडा मिटवायला सायकल भिंतीला टेकवून दोन्ही तळवे लावावे लागतात आणि तळहातावर दांड्याचा वळ उमटतो. एवढं करूनही काल परत ‘टक’.

नट असाच आवळत राहू, की खटकाच बदलायला हवा?

उगाचच | सोमवार, रात्री ९:५२

वेल्डिंग मारून टाका. घडी घालायची वेळ येते कितीदा? विषय संपला.

नुसतावाचक | सोमवार, रात्री १०:०५

माझ्याकडेही अशीच आहे, म्हणून वाचतोय. वाचनखूण साठवली.

पानापक्कड | सोमवार, रात्री १०:३१

ताई, पहिली गोष्ट, उत्तर मिळेपर्यंत ही सायकल चालवू नका. दोन्ही तळवे लावून मिटवावा लागणारा खटका आणि तरीही खेळ, ही जोडी बरी नाही.

दुसरी गोष्ट, ‘टक’ खटक्यातूनच येतंय हे कशावरून? घडीच्या सायकलीत हलू शकणाऱ्या जागा साध्या सायकलीपेक्षा दोनने जास्त. एक मधली बिजागरी, दुसरी हँडलच्या दांडीची. आणि हेडसेटच्या, म्हणजे हँडल फ्रेममध्ये जिथे फिरतं तिथल्या, बेअरिंगमधला खेळ तर कुठल्याही सायकलीत असू शकतो. आवाज नळीतून फिरतो, कान फसतो. बोट फसत नाही.

पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल जागच्या जागी पुढे-मागे झुलवा. दुसऱ्या हाताचं बोट सांध्याच्या फटीवर आडवं ठेवा, अर्धं इकडच्या भागावर, अर्धं तिकडच्या. आधी हेडसेटपाशी, मग हँडलच्या सांध्यावर, मग मधल्या बिजागरीवर वरून आणि खालूनही. जिथे दोन भाग एकमेकांवर सरकताना बोटाला जाणवतील तिथे रोग. हेडसेटची शंका राहिली तर पुढचं चाक काटकोनात वळवून परत झुलवा, म्हणजे ब्रेकच्या गुटक्यांची हालचाल त्यात मिसळत नाही.

करून सांगा. आणि उगाचच, वेल्डिंगचा विनोद इथे करू नका, कोणीतरी खरंच करतं.

दोनचाकी | मंगळवार, सकाळी ७:१५

पानापक्कड काकांना अनुमोदन. मी तीन महिने खटक्याला शिव्या घातल्या. ग्रीस बदललं, नट बदलला. कुरकुर येत होती सीटच्या दांडीतून! घडीच्या सायकलीत ही दांडी हातभर लांब, रोज वर-खाली होते आणि नळीत धूळ घेऊन जाते. दांडी काढून फडक्याने पुसली, नळी आतून पुसली, दोन मिनिटांत आवाज गायब. उभं राहून पेडल मारताना आवाज थांबत असेल तर आधी सीट बघा.

अर्धीघडी | मंगळवार, रात्री ८:२०

काका, केलं. हेडसेट शांत. हँडलचा सांधाही शांत. मधल्या बिजागरीवर वरून काहीच कळलं नाही, पण खालून बोट लावलं तर अगदी बारीक सरकतंय. दिसत नाही, जाणवतं.

दोनचाकी, सीटची दांडीही पुसून घेतली. फडकं काळं झालं, टकटक तशीच.

मेकॅनिकल_मी | मंगळवार, रात्री ९:०२

खटका काम कसा करतो ते थोडं सांगतो, म्हणजे नट आवळत राहणं का चूक आहे ते कळेल.

दांडा मिटवताना सुरुवातीला जोर वाढत जातो, एका जागी सर्वात जास्त होतो आणि शेवटच्या थोड्या अंतरात अचानक कमी होतो. ते तुमचं ‘खट्’. त्या क्षणी बोल्टच्या ओढीची रेष दांड्याच्या खिळीच्या पलीकडे गेलेली असते. तिथून पुढे बोल्ट जितका ओढेल तितका दांडा मिटलेलाच राहतो. म्हणजे खटका बंद ठेवतो तो बोल्टमधला ताण. दांड्यावरची छोटी कडी किंवा बटण असतं ते दुसरं राखण आहे, पहिलं नाही. ताण गेला की सगळा भार त्या कडीवर येतो आणि ती त्यासाठी बनवलेली नसते.

आता ताण किती हवा? सायकलींच्या सुरक्षिततेचं आयएसओ ४२१० हे मानक आहे. त्यात चाकाच्या क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक काढायच्या खटक्याचा) दांडा मिटवायला २०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये आणि मिटलेला उघडायला ५० न्यूटनपेक्षा कमी लागू नये, असं आहे. म्हणजे ढोबळमानाने वीस किलो आणि पाच किलो. घडीच्या सांध्याबद्दल वेगळं कलम आहे, चालवताना तो आपोआप ढिला होता किंवा उघडता कामा नये असं. वीस किलोचा आकडा घडीच्या खटक्याला जसाच्या तसा लावू नका, पण हाताला अंदाज म्हणून चांगला आहे.

सामान तोलायचा हुकाचा काटा आहे का घरी? दांड्याच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढा आणि ‘खट्’ व्हायच्या क्षणी आकडा वाचा.

अर्धीघडी | मंगळवार, रात्री ९:४८

३१ किलो. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा काटा हातातून सुटून नडगीवर बसला.

उगाचच | मंगळवार, रात्री ९:५५

खटक्यात डब्ल्यूडी-४० मारा. सगळ्यावर इलाज. (हा विनोद नाही.)

पानापक्कड | मंगळवार, रात्री १०:२०

इलाज आहे, या रोगावर नाही. नावातच लिहिलंय, पाणी हटवणारं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. १९५३ सालचं रसायन. गंजलेला नट सोडवायला, ओल काढायला उत्तम. पण त्याचा थर पातळ, चार दिवसांत उडतो आणि जाताना असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. बिजागरीच्या पिनेला ग्रीस हवं, तेही बोटभर नाही. आणि सांध्याचे दोन सपाट चेहरे, जे एकमेकांवर दाबून बसतात, ते कोरडे आणि स्वच्छ. तिथे चिकट काही असलं की रस्त्याची माती गोळा झालीच समजा.

ताई, ३१ किलो म्हणजे फारच झालं. आता एक काम. दांड्यातला तो बोल्ट पूर्ण काढा. वायसर कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढून ठेवा, रात्री बसवताना आठवत नाही. बोल्टच्या डोक्यावर काही आकडा कोरलाय का बघा. त्याच मापाचा नवा बोल्ट मिळाला तर दोन्ही शेजारी धरून आटे एकमेकांत बसवा आणि उजेडासमोर धरा. पूर्ण लांबीभर आट्यात आटा बसायला हवा.

अर्धीघडी | गुरुवार, दुपारी १:१०

लॉक नट सुटता सुटेना, कालचा दिवस त्यातच गेला. पण बोल्ट निघाला.

डोक्यावर काहीच नाही, गुळगुळीत. नव्या एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टशेजारी धरला तर दोन्ही टोकांना आटे नीट बसतात आणि मध्ये उजेड दिसतो! बोटभर भागात जुन्याचे आटे हळूहळू मागे पडत जातात, जणू दोन माणसं एका तालात चालताना एकाची पावलं लांब पडतायत. फोटो टाकलाय. व्हर्नियरने लांबी मोजली. नवा ४५ मिमी, जुना ४६.४. उजेड दिसतो तिथे जुन्याची कंबरही बारीक झालीय, डोळ्यालाच कळते.

नुसतावाचक | गुरुवार, दुपारी १:३०

बापरे. बोल्ट ताणला जातो हे ऐकून होतो, पाहिलं आज.

मेकॅनिकल_मी | गुरुवार, दुपारी २:०५

सुंदर फोटो. म्हणजे दर आठवड्याला तुम्ही खटका आवळत नव्हता, बोल्ट लांबवत होता. एम६ च्या आट्यांतलं अंतर १ मिमी, पाव फेरा म्हणजे पाव मिमी. सहा वेळा पाव मिमी म्हणजे दीड. बोल्ट वाढलाय १.४. हिशेब जवळपास चुकता.

पानापक्कड यांनी डोक्यावरचा आकडा का विचारला तेही सांगतो. बोल्टवर ८.८ लिहिलेलं असेल तर पहिला आठ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, तो कायमचा ताणायला लागतो. साधा मऊ बोल्ट बहुधा ४.६ चा. म्हणजे ४०० आणि त्याच्या ६० टक्के, २४०. अडीचपटीहून जास्त फरक, आणि दिसायला दोन्ही सारखेच. तुमच्या बोल्टवर आकडाच नाही, म्हणजे मूळचा कधीतरी हरवलाय किंवा तुटलाय आणि त्याजागी डब्यात सापडला तो बसवलाय.

नुसतावाचक | गुरुवार, दुपारी २:२०

मग ८.८ चा बोल्ट टाकला की झालं ना?

पानापक्कड | गुरुवार, रात्री १०:०५

नाही झालं. बोल्ट मऊ होता हे खरं. पण मऊ बोल्टसुद्धा उगाच ताणला जात नाही. कोणीतरी ३१ किलो लावून तो ओढत होतं, कारण सांधा नीट मिटतच नव्हता. त्यात ८.८ टाकाल तर तो ताणणार नाही, पण ओढ तेवढीच राहील आणि ती दुसरं काहीतरी मोडेल. दांड्याची खिळी, नाही तर फ्रेमवरची खाच. बोल्ट मिळतो, फ्रेम मिळत नाही.

ताई, बोल्ट न बसवता दोन अर्धे नुसते हाताने मिटवा, दाबू नका. खटक्याच्या बाजूला फट राहते का? कागदाची पट्टी घालून बघा. साधा छापायचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, घड्या घालत जा आणि किती पदर आत जातात ते मोजा. घरात असलेलं हे सगळ्यात स्वस्त माप.

मग सांध्याचा एक चेहरा मार्करने पूर्ण रंगवा. लाल-हिरवा कुठलाही, काळ्यावर दिसेल असा. मिटवा, थोडं दाबून हलवा, उघडा. जिथली शाई उडाली तेवढाच भाग टेकतोय.

चढउतार | गुरुवार, रात्री ११:४०

मध्येच बोलतो, पण कोणी अजून विचारलेलं नाही. सायकल परत रंगवलेली आहे ना? का रंगवली, हे आधीच्या मालकाला विचारलंत का?

मी एकदा अशीच चकचकीत रंगवलेली घडीची सायकल घेतली होती. बिजागरीचा भाग जिथे दांडीला वेल्ड केलेला असतो, त्या टाक्याच्या अगदी काठाला रंगात एक बारीक रेष दिसली. रंग उकलला असेल म्हणून तीन आठवडे चालवली. मग नखाने खरवडली तर रंग निघाला आणि रेष खाली धातूतही होती. ती विकणाऱ्याला ठाऊक होती की नाही, देव जाणे.

पोलाद एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा सोसतं, ॲल्युमिनियमला तशी खालची मर्यादा नसते. छोटे छोटे धक्केही साठत जातात. म्हणून बिजागरी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, टॉर्च आडवी धरून टाक्यांचे काठ बघा. कापसाचा बोळा हलकेच फिरवा, तंतू अडकला तर तिथे थांबा. शंका आली तेवढा रंग काढून बघा. खाली रेष नसेल तर रंगाचा तडा, असेल तर सायकल भंगारात. वेल्डिंग करून नव्हे, हे उगाचच यांच्यासाठी. सायकलींना बऱ्याचदा ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम असतं, ते भट्टीत तापवून कडक केलेलं. वेल्ड केलं की आजूबाजूचा भाग मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि ती परत आणायला अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते. कोपऱ्यावरचा वेल्डर ते करणार नाही.

उगाचच | गुरुवार, रात्री ११:५१

शरण आलो. वेल्डिंग मागे घेतो.

अर्धीघडी | शनिवार, दुपारी ४:३०

जरा लांब लिहितेय, सकाळपासून यातच आहे.

आधी चढउतार यांचा मुद्दा. तुमचा किस्सा वाचून रात्री झोप नाही. टाक्यांचे चारही काठ धुतले, टॉर्चने बघितले. खालच्या टाक्याशी खरंच एक रेष दिसली आणि पोटात गोळा आला. पॉलिश पेपरने तेवढा रंग काढला. खाली धातू साफ, चकचकीत, बोळा सरळ फिरतो. आणखी दोन ठिकाणी रंग काढून खात्री केली. आधीच्या मालकाला फोन केला, तर म्हणाले जुना रंग उडाला होता म्हणून रंगवली. खटक्याबद्दल विचारलं तर, “तो जरा जोरात दाबायचा असतो.” हं.

मग कागद. सांधा हलकेच मिटवला तर पिनेच्या बाजूला कागद अजिबात जात नाही आणि खटक्याच्या बाजूला आठ पदर आरामात जातात. नववा अडकतो. म्हणजे ०.८ मिमी फट, आणि ती मी इतके दिवस तळव्यांनी मिटवत होते!

मग हिरवा मार्कर. चेहरा रंगवला, मिटवला, हलवला, उघडला. सगळी शाई जशीच्या तशी, फक्त पिनेच्या जवळ, खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका उघडा पडलेला. अख्खा सांधा त्या एका ठिपक्यावर टेकत होता.

तिथला रंग खरवडला. खाली छोटा खड्डा आणि खड्ड्याच्या काठाला उचललेली धातूची कड. नख अडकतं. कधीतरी सांध्यात खडी सापडली असणार, कोणी न बघता खटका मिटवला, खडी ॲल्युमिनियममध्ये रुतली, नंतर पडून गेली आणि तिने उचललेली कड तशीच राहिली. वरून रंगाचा थर. कड केवढी उंच? स्टीलची पट्टी आडवी ठेवून बघितली, पट्टीखाली कागदाचा एक पदर कसाबसा जातो. म्हणजे जेमतेम ०.१ मिमी. एवढीशी कड एवढी मोठी फट कशी करेल?

मेकॅनिकल_मी | शनिवार, संध्याकाळी ५:१५

करेल. पिनेच्या मध्यापासून ती कड किती लांब आणि खटक्याचा बोल्ट किती लांब?

अर्धीघडी | शनिवार, संध्याकाळी ५:२२

कड ६ मिमी, बोल्ट ५०.

मेकॅनिकल_मी | शनिवार, संध्याकाळी ५:४०

दाराच्या बिजागरीत काडी अडकली की दाराचं दुसरं टोक बोटभर उघडं राहतं, तेच. ५० भागिले ६, म्हणजे ८.३ पट. ०.१ ची कड तिकडे ०.८३ ची फट होऊन दिसते. तुमचे आठ पदर.

आता वाईट भाग. तुम्ही खटका दाबून ती फट मिटवता तेव्हा कड टेकूचं काम करते. बोल्ट एका बाजूला ४४ मिमीवरून ओढतो, पिन दुसऱ्या बाजूला ६ मिमीवर उलट ओढली जाते. म्हणजे बोल्टच्या सातपटीहून जास्त जोर पिनेवर. बोल्ट ताणला गेला तर पिन किती सोसत असेल बघा. खालचा भाग सरकतोय म्हणालात ना? कड खालच्याच कोपऱ्यात आहे. मला वाटतं पिन किंवा बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) खालून घासलंय.

पानापक्कड | शनिवार, रात्री ९:३०

वा. शाबास. आता इथे हात आवरायचा.

कड काढायची, चेहरा नाही. कानस घेऊन सगळं सपाट करायला गेलात तर चेहऱ्याचा कोन बदलेल आणि मग कुठलाच बोल्ट उपयोगाचा नाही. पॉलिश पेपरची बारीक पट्टी स्टीलच्या पट्टीवर चिकटवा आणि फक्त वर आलेल्या धातूवर फिरवा. चार वेळा घासायचं, पुसायचं, मार्कर, मिटवायचं, बघायचं. खड्डा राहू द्या, तो काही करत नाही. दोन्ही चेहऱ्यांवरचा रंगही काढा. रंग मऊ असतो, दाबाखाली हळूहळू बसतो आणि तेवढाच खटका ढिला पडतो.

पिनेसाठी खटका पूर्ण उघडून दोन अर्धे दोन हातांत धरा आणि वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर पिन ठोकून काढायला फिटरकडे न्या. घरी हातोडी मारू नका, पिनेचं टोक फुगतं आणि येताना भोक ओरबाडतं. भोक मोठं झालं असेल तर रिमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवून जाड पिन घालतात, आत बुश असेल तर नुसतं बुश बदलतं.

दोनचाकी | रविवार, सकाळी ८:००

अवांतर: हे सगळं वाचून स्वतःच्या हँडलच्या सांध्यात मार्कर लावला. ठीक निघाला, पण कडीची स्प्रिंग मेलेली सापडली. सगळ्यांनी बघून घ्या, मधला सांधा सुटला तर सायकल वाकते, हँडलचा सुटला तर माणूस तोंडावर जातो.

नुसतावाचक | रविवार, सकाळी ११:२५

+१. माझ्या सायकलीत ना दांडा, ना असा बोल्ट. दोन पाकळ्यांसारख्या पट्ट्या आहेत आणि हाताने फिरवायचा स्क्रू. तिथेही हेच लागू का?

पानापक्कड | रविवार, दुपारी १२:१०

तो ब्रॉम्प्टन कंपनीच्या घडीच्या सायकलींसारखा प्रकार. पट्टीच्या आतल्या भिंती तिरक्या असतात, स्क्रू फिरवला की त्या पाचरीसारख्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढतात. तिथे ‘खट्’ नाही, हाताने घट्ट एवढंच. पानं लावून आवळू नका. भिंती झिजून गुळगुळीत झाल्या की पट्टी बदलायची. स्वच्छता आणि मार्कर मात्र तेच.

अर्धीघडी | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:४५

झालं. क्रमाने सांगते.

कड काढायला पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास मार्कर लावण्यात आणि पुसण्यात. नवव्या वेळी मिटवलं आणि उघडलं तर शाई चारही कोपऱ्यांत उडालेली. खटक्याच्या बाजूला आता एक पदरही जात नाही.

मग वर-खाली हलवून बघितलं, खेळ होता. फिटरने पिन काढली. मेकॅनिकल_मी, तुमचं बरोबर. पिनेच्या खालच्या टोकाला एकाच बाजूने चर पडलेला, नखाने मोजता येईल एवढा. वरचं टोक नव्यासारखं. आत पितळी बुश होतं, तेही एका अंगाला लंबगोल. नशीब, फ्रेमचं भोक वाचलं. नवं बुश, नवी पिन, पातळ ग्रीस. फिटर आधी म्हणाले, “नट आवळून देऊ का?” मी चर दाखवला, मग त्यांनीच बाकीच्या दोन सायकलींच्या पिना मला दाखवल्या.

बोल्ट ८.८ चा, डोक्यावर आकडा बघून घेतला. लॉक नटाच्या आट्यांवर निळं लॉकटाइट (आटे आपोआप सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) एक थेंब. लाल घेणार होते, फिटरांनी थांबवलं. ते सोडवायला तापवावं लागतं आणि हा नट परत कधीतरी फिरवायचाच आहे.

काटा अडकवला. पहिल्यांदा ७ किलो, फारच सैल. पाव फेरा, ११. आणखी थोडा, १३. तिथे थांबले. एका हाताने मिटतो, अर्ध्या वाटेवर हाताला अडतो आणि मग बसतो. गंमत म्हणजे ‘खट्’ आता आधीपेक्षा हळू येतं. मी ज्या आवाजावर सायकल घेतली तो आवाज त्या उचललेल्या कडेचा होता.

लॉक नटावर आणि दांड्यावर मिळून पांढरी रेघ मारलीय, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. ब्रेक धरून झुलवलं, खालून बोट लावलं. काही नाही.

चढउतार | शनिवार, रात्री ७:३०

अभिनंदन! शंभरेक किलोमीटर चालवून परत काटा लावा. नवं बुश थोडं बसतं.

अर्धीघडी | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:१०

धागा वर काढतेय. १४० किलोमीटर झाले. काटा १२ किलो दाखवतो, रेघ जागच्या जागी, टकटक नाही. मिटवण्याआधी आता चेहऱ्यांवरून अंगठा फिरवायची सवय लागलीय, परवा एक खडी सापडलीसुद्धा.

उगाचच | रविवार, सकाळी ९:२५

मनापासून विचारतो, या तीन आठवड्यांत घडी कितीदा घातली?

अर्धीघडी | रविवार, सकाळी ९:४०

दोनदा. त्यातली एकदा काटा लावायला.

उगाचच | रविवार, सकाळी ९:४१

म्हणजे मी पहिल्या दिवशी जे म्हणालो होतो…

पानापक्कड | रविवार, सकाळी ९:४२

उगाचच, गप बसा.